डोळा लागला का?

—हळू, साहेब, जरा हळू बोला, त्यांचा आत्ताच डोळा लागलाय. त्या काय, वेताच्या खुर्चीतल्या, तोंडावर टोपी घेतलेल्या — माझ्या सासूबाई. अठ्ठ्याऐंशी पूर्ण. ऐकू कमी येतं म्हणतात, म्हणजे त्या स्वतः म्हणतात, डॉक्टर काही तसं म्हणाले नाहीत. आणि ती कात्री आधी पिशवीत ठेवा बघू. झाड काही पळून जात नाही, सेहेचाळीस वर्षं एका जागी उभं आहे, आणखी अर्धा तास उभं राहील. बसा. त्या पालथ्या खोक्यावर बसा, तो डगमगतो पण पडत नाही. मी बोलता बोलता हात चालू ठेवते, राग मानू नका. या पिशव्यांतले खुंट आज बांधून झाले पाहिजेत, उद्या-परवा साल लाकडापासून सुटायची थांबली की बसा मग पुढच्या वर्षापर्यंत हात चोळत. चहा टाकलाय. नको? नको कसा, टाकलाय म्हटलं ना.

हे तर आज नाहीत, रोपांची गाडी घेऊन गेलेत, संध्याकाळी येतील. तुम्ही त्यांना फोन केला होता? असेल. मला बोलले नाहीत. मुद्दाम नाही हो, ते मला काहीच बोलत नाहीत. ते असते तर तुम्हाला सगळी गोष्ट सांगितली असती, हातवाऱ्यांसकट, मधे दोनदा पाणी पिऊन. फाटकावरचा फलक वाचलात ना — 'या भागातील आद्य नर्सरी, वाटसरू नासपतीचे जन्मस्थान' — तो त्यांनीच रंगवलाय. 'जन्मस्थान'मधला 'न्म' जरा वाकडा आलाय, तेवढं सोडलं तर बरा आहे. फलकावर खोटं एक अक्षर नाही. गंमत आहे ती. एक अक्षर खोटं नाही.

तुम्ही फळझाडांच्या ऑफिसातले, तुम्हाला कलम काय सांगायचं? सांगू? कागदावरच पाहिलंय म्हणता. बरं, तोंडावर सांगणारा माणूस मला आवडतो. तर हा खुंट — बी पेरून उगवलेलं रानटी रोप, दणकट, पण त्याचं फळ कसं निघेल याचा भरवसा नाही, हजारातलं एखादं बरं, बाकीची डुकरांना. आणि ही काडी, चांगल्या झाडाची. पानं कापून टाकायची, नुसते देठ ठेवायचे, आणि प्रत्येक देठाच्या बगलेत हा दाणा असतो, दिसला? हा डोळा. हा सालीसकट असा अलगद उचलायचा, खुंटाच्या सालीत चीर द्यायची, चिरेत बसवायचा, वरून खालून पट्टी बांधायची, डोळा तेवढा उघडा ठेवायचा. तीन आठवड्यांनी देठाला बोट लावायचं. देठ टपकन गळला, तर डोळा लागला. देठ सुकून चिकटून बसला, तर डोळा मेला. लागला असेल तर त्याच्या वरचा सगळा खुंट छाटून टाकायचा, म्हणजे सगळा जोर डोळ्यात येतो आणि तोच झाड होतो. खुंटाला खालून फुटवे येतात, ते दर आठ दिवसांनी अंगठ्याने खुडून टाकायचे. झालं. तीन पिढ्यांची विद्या. तुमचा चहा निवायच्या आत संपली.

पण ती इथे आणली मामंजींनी, माझ्या सासऱ्यांनी, हे मात्र खरं. त्यांच्या आधी या भागात फळझाड म्हणजे कुणाच्या तरी कुंपणात चुकून उगवलेलं. लोक बटाटे लावायचे आणि गवत कापायचे. फळ खायचं ते आजारी पडल्यावर. मामंजी सायकलच्या मागे रोपं बांधून गावोगाव फिरले, कुणी घेईना. सहा वर्षांनी फळ येईल म्हटलं की लोक विचारायचे, तोवर काय त्याच्याकडे बघत बसायचं? त्यावर मामंजींनी विचार केला, की खरंच, बघत बसतील अशी जागा कुठली? आणि प्रत्येक गावात पहिलं झाड त्यांनी न्हाव्याच्या दारात लावून दिलं. शाळेत नाही, कचेरीसमोर नाही. न्हाव्याकडे माणूस नंबर लावून बसतो, बसला की समोर बघतो, दर महिन्याला बघतो, झाड वाढतंय हे त्याला आपोआप कळतं. आणि सहाव्या वर्षी न्हावी गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून विचारणार, 'खाऊन बघता का एक फोड?' नाही कोण म्हणेल? आज या रस्त्याने दोन तास गाडी हाका, दोन्ही बाजूंना बागाच बागा, आणि दहातली नऊ झाडं वाटसरू. सगळी त्या एका झाडाच्या डोळ्यांपासून झालेली. त्या, विहिरीजवळच्या. ज्याची पानं तुम्हाला हवीत.

आज नकोच खरं तर. कालच फवारणी केलीय त्याच्यावर. काय? तुम्ही पानाला नाक लावून पाहिलंत? केव्हा? आत येतानाच? हुशार आहात. बरं, नसेल केली काल. करणार होतो.

तुमच्या त्या डब्यात काय आहे? पानं? कुठली — तिथली? त्या जुन्या बागेतली, डोंगरांपलीकडची, मामंजींनी काडी आणली तिथली? ते झाड अजून आहे? अरे वा. मी समजत होते, ते केव्हाच गेलं असेल. मला वाटलं — नाही, वाईट कशाला वाटेल, आनंदच आहे. दीर्घायुषी झाड. उगाच.

म्हणजे ती पानं आणि ही पानं मशिनीत घालणार आणि एकच आहेत का ते बघणार. मग कार्यक्रम करणार, सासूबाईंना स्टेजवर बसवणार आणि रिपोर्ट त्यांच्यासमोर वाचून दाखवणार. माईकवर. किती लोक येतील? चारशे. चारशे लोकांसमोर माईकवर, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला. छान. चहा घ्या.

साहेब, मी एक सुचवू का? तुमच्या डब्यातली दोन पानं काढा, त्यातलं एक 'इथलं' म्हणून पाकिटात घाला आणि एक 'तिथलं' म्हणून. जुळतील. तुमच्या मशिनीलाही त्रास नाही. — हसू नका, मी विनोद करत नाहीये. मला विनोद करता येत नाही, आमच्या घरात ते खातं ह्यांच्याकडे आहे. तसं नको असेल तर सरळ लिहून टाका की झाड आजारी होतं, पानं मिळाली नाहीत, कारण ती तिथली पानं काही याच्याशी जुळायची नाहीत, आणि मग —

काय म्हणाले मी? जुळायची नाहीत असं म्हणाले? तसं म्हणायचं नव्हतं मला. तसंच म्हणायचं होतं, पण तुमच्यासमोर नव्हतं.

घोरतायत का त्या? नाही. पण टोपी हलत नाहीये. तुम्ही जरा खोका इकडे ओढा. आता अर्धं कळलंय तर पूर्ण ऐका, नाहीतर अर्ध्याचं भलतंच काही लिहाल. आणि ऐकून झालं की तुम्हीच सांगा काय करायचं, शिकलेले आहात.

आधी गोष्ट सांगते, हे सांगतात तशी. मामंजींना कळलं, की डोंगरांपलीकडे एका जुन्या बागेत एक नासपती आहे, हिवाळाभर माळ्यावर ठेवली तरी सडत नाही, उलट गोड होते. ते गेले. बागवाल्याने एक काडी दिली. एकच, सात डोळ्यांची. येताना तीन दिवस लागले, काही बसने, काही ट्रकच्या मागे, काही पायी. काडी ओल्या फडक्यात गुंडाळून शर्टाच्या आत, छातीशी. फडकं सुकू द्यायचं नाही, म्हणून दर तासाला भिजवायचं. म्हणजे काडीबरोबर छातीही तीन दिवस ओली, थंडी-वाऱ्यात. घरी पोचले ते ताप घेऊनच. तरी तशाच अंगाने वाफ्यात कुशीवर आडवे होऊन सातही डोळे स्वतः भरले, सासूबाईंनी पट्ट्या बांधल्या, मी सुरी पुसायला फडकं धरून उभी. लग्नाला चार महिने झाले होते मला. मग मामंजींनी अंथरूण धरलं. पंधरा दिवसांत सहा डोळे वाळून गेले, लांबूनच दिसत होते. सातवा हिरवा होता. इथे हे पहिल्यांदा पाणी पितात. ग्लास खाली ठेवतात आणि म्हणतात, 'सातवा लागला.' बायका डोळे पुसतात. मी जेवण गरम करायला आत जाते. दरवेळी. कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

सातवा लागला नाही, साहेब.

हं. आता झालं बोलून. किती सोपं असतं, दोन शब्द जास्त लागतात फक्त.

ऐका. मामंजींच्या खोलीची खिडकी त्या वाफ्यावर उघडायची. उशाला दोन उश्या लावून ते तिकडेच बघत पडायचे आणि जो कुणी खोलीत येईल त्याला विचारायचे, लागला का? औषध घेऊन आलं तरी तेच, डॉक्टर आला तरी तेच. डॉक्टरला वाटायचं स्वतःच्या झोपेबद्दल बोलतायत. आमच्या धंद्यात ही एक अडचणच आहे बघा, झोपेलाही डोळा लागला आणि कलमालाही डोळा लागला. नव्या माणसाने करायचं काय? तर तीन आठवडे झाले त्या दिवशी सकाळी सासूबाई मला म्हणाल्या, 'जा, देठाला बोट लावून ये, गळतो का बघ.' मी हो म्हटलं. आणि मला जायला झालंच नाही. पहाटेपासून मामंजींचा खोकला थांबत नव्हता, मी त्यांच्याजवळ बसले ती दुपारपर्यंत. जेवणवेळ टळून गेल्यावर कधीतरी ते शांत झाले, मान कलती झाली. आणि एवढ्यात दारात सासूबाई आल्या, हातात छाटायची कात्री, आणि अगदी हळू विचारलं, 'डोळा लागला का?'

मी म्हटलं, 'हो, लागला.'

त्या वळल्या आणि गेल्या. मी मामंजींच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. मग खिडकीतून बघते तर त्या वाफ्यात वाकलेल्या, आणि कच्. खुंटाचा शेंडा खाली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की बाई, त्या मामंजींचं विचारतच नव्हत्या. त्या सकाळच्या कामाचं विचारत होत्या. आणि तू न बघताच हो म्हणून बसलीस.

संध्याकाळी गेले तेव्हा डोळा काळा होता. देठाला बोट लावलं, देठ हलेना. जरा जोर केला तर तुटला, गळला नाही. तुटणं वेगळं आणि गळणं वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं. तो आधीच मेला होता, का वरचं छाटल्याने मेला, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. आजही नाही. न छाटता आठवडाभर थांबलं असतं तर धरला असता का? कुणी म्हणतं उशिराने धरतात. मी सेहेचाळीस वर्षं दर हंगामात हजारो डोळे बांधते आणि काळा पडलेला दिसला की एक आठवडा जास्त थांबते. अजून एकही हिरवा झालेला नाही. तरी थांबते.

सांगायला हवं होतं, हो. कुणाला? सासूबाईंना? त्यांना काय सांगू, की ज्या काडीपायी तुमचा नवरा आत अंथरुणावर आहे ती तुम्ही आपल्या हाताने संपवलीत, आणि मी सांगितलं म्हणून? वीस वर्षांची होते मी. मूग गिळले. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहते तर खुंटावर पट्टीचा आणखी एक वेढा होता, बरोबर डोळ्यावरून. म्हटलं, वाऱ्याने हलू नये म्हणून बांधला असेल त्यांनी, बरंच झालं, झाकलं गेलं. आणि दहाव्या दिवशी त्या पट्टीच्या खालच्या कडेतून एक फुटवा वर आला. लाल, करंगळीच्या नखाएवढा. खुंटाचा. माझं कामच होतं फुटवे खुडायचं. मी बाकीचे खुडले, होतेच दोन-चार, आणि तेवढा ठेवला. अंगठा त्याच्यावर टेकवला होता, साहेब. टेकवला आणि काढून घेतला. तो फुटवा म्हणजे वाटसरू. तीन दिवस प्रवास केलेला वगैरे कुणी नाही, आमच्या मोरीपासून तीन हातांवर, सांडपाण्यावर जन्मलेला आणि तिथेच वाढलेला. हजारातला एखादा चांगला निघतो म्हटलं ना, तो हा. सहा वर्षांनी पहिलं फळ आलं तेव्हा सगळ्यांनी एकेक फोड खाल्ली आणि सासूबाई म्हणाल्या, 'यासाठी गेले ते.' मी फोड गिळली. फार गोड होती. तोंडात कापसासारखी झाली तो भाग वेगळा.

आणि बी कुठलं होतं माहीत आहे? विचारा ना. नाही, तुमच्या रकान्यात ते नसेल, तरी विचारा. त्या वर्षी खुंटाचं बी कमी पडलं म्हणून सासूबाई मला म्हणाल्या, 'तुझ्या माहेरी आहे ना ते डुकरांचं झाड, आण त्याचं बी.' डुकरांचं झाड. माझ्या आईच्या दारातलं. मी एक डबाभर आणलं. अर्धा वाफा त्याचाच होता आणि तो खुंट त्या अर्ध्यातला. तेव्हा म्हटलं तर या रस्त्याने दोन तास दोन्ही बाजूंना जे काही आहे ते माझ्या आईच्या दारातलं. मी म्हणत नाही. कधी म्हटलं नाही. तुम्हाला आज सांगितलं. फलकावर 'जन्मस्थान' आहे ते बरोबरच आहे की नाही मग?

कुणाला कळलं नाही कसं? काट्यांवरून कळायला हवं होतं खरं म्हणजे. बीच्या झाडाला लहानपणी काटे येतात, जनावरांनी खाऊ नये म्हणून. मोठ्या झाडाच्या डोळ्यापासून बांधलेल्या कलमाला येत नाहीत, हे कलमं करणारा कुणीही सांगेल. वाटसरूच्या पहिल्या पहिल्या रोपांना हे एवढाले काटे यायचे. गिऱ्हाईक विचारायचं, कलमाला काटे कसे हो? तर हे म्हणतात, 'प्रवासात चिडलाय तो.' मूळ विनोद मामंजींचा. लोक हसतात आणि रोप उचलतात. हसणारा माणूस पुढचं विचारत नाही, हे तुम्हीही लक्षात ठेवा, ऑफिसात उपयोगी पडेल.

तर आता तुम्ही सांगा. रिपोर्ट वाचणार, 'जुळत नाही' म्हणणार, आणि त्या स्टेजवर बसलेल्या. त्यांना दोन मिनिटं नाही लागायची. त्या काही माझ्यासारख्या नाहीत, त्यांनी या हातांना कलम शिकवलंय. जुळत नाही म्हणजे खुंट, खुंट म्हणजे डोळा मेला, मेला म्हणजे आपण छाटला. नवरा ज्याच्यापायी गेला ते आपल्या कात्रीखाली गेलं, हे त्यांना माईकवरून कळणार, चारशे लोकांत. माझी चूक त्यांच्या पदरात. म्हणून म्हणते, त्या आहेत तोवर राहू द्या. नंतर पानं न्या, फांदी न्या, अख्खं झाड उपटून न्या. किती दिवसांचा प्रश्न — असं बोलू नये, पण —

आई?

झोपला होतात ना तुम्ही?

… नाही, कुणी नाही, फळझाडांच्या ऑफिसातले साहेब आहेत. … हो, पानांसाठी. … केव्हापासून? … कात्री पिशवीत ठेवा म्हटलं तेव्हापासून. म्हणजे पहिल्यापासून. मग टोपी काढायची ना तोंडावरची, हा काय प्रकार आहे? … ऊन लागतं. बरं.

थांबा, साहेब, उठू नका. त्या बोलतायत.

… काय? … पुन्हा सांगा. … मी गेले नाही हे तुम्हाला माहीत होतं. … तुम्हीच जाऊन पाहून आलात. सकाळीच. … आणि तेव्हाच काळा होता. … छाटायच्या आधी.

आई, मग मला विचारलंत कशाला, डोळा लागला का म्हणून?

… त्यांचा.

… म्हणजे मामंजींचाच विचारत होतात. झोपले का म्हणून. तुम्ही काय करताय ते त्यांना खिडकीतून दिसू नये म्हणून.

म्हणजे मी बरोबर उत्तर दिलं होतं.

ऐकलंत, साहेब? मी बरोबर उत्तर दिलं होतं. … काय, आई? … पट्टीचा वेढा — मुद्दाम, हो, कळलं आता. खालून जे येईल ते त्यातूनच आल्यासारखं दिसावं म्हणून. … नाही, फुटवा मी ठेवला. … मी ठेवला, आई, माझा अंगठा होता त्याच्यावर. … तुम्ही रोज उजाडता माझ्याआधी जात होतात? बाकीचे खुडायला? … म्हणूनच दोन-चारच असायचे. मला वाटायचं, खुंट अशक्त आहे.

बघा हं. सेहेचाळीस वर्षं एक चूक जपून ठेवली मी. एवढी एकच गोष्ट या घरात माझी स्वतःची होती. तीही यांचीच निघाली. … हसत नाहीये, आई, खोकला आला. … आणि मला सांगितलं का नाही? … 'तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.' सेहेचाळीस वर्षं भिजवला आणि आज पहिल्यांदा सांडला, तोही यांनी ऐकला.

… काय म्हणतायत? … म्हणतायत, माझ्या माहेरचं बी जोमाचं होतं. साहेब, हे लिहून घ्या कुठेतरी, तारीख घालून. माझ्या माहेराबद्दल त्यांच्या तोंडून आजवर बरा शब्द आलेला नाही.

… देऊ म्हणता? … नक्की? माईकवर वाचतील हं ते. … वाचू देत. बरं. … हो, आई. हो. मामंजींना कळलं नाही, तेवढंच महत्त्वाचं. … समाधानाने गेले, हो. झोपा आता. टोपी घ्या तोंडावर. खरंच झोपा.

चला, साहेब, तुमच्यासारख्यांना फांदी कुठून कापायची तेही कळणार नाही, मीच देते. या विहिरीकडून. इथून धरा, या वर्षीच्या कोवळ्या फुटीची पानं घ्या. ही चार. पुरे? डब्यात घाला. आता फाटकापर्यंत येते तुमच्याबरोबर, कडी अडकते ती.

हलकं वाटतं का म्हणून विचारता? विचित्र वाटतं. डोळा लागला का, या तीन शब्दांवर मी माझं सगळं — जाऊ द्या. त्यांच्या जिवाला बरं वाटतंय ना, एवढं बास. नवऱ्याला समाधानाने जाऊ दिलं, हे त्यांनी केलं, एकटीने केलं, आणि कुणाला सांगितलं नाही. मी तरी कुठे इतकी वर्षं त्यांना ओळखलं होतं? आणि मामंजी खरंच समाधानाने गेले हो, मी साक्षीदार आहे. फुटवा वीतभर झाला तेव्हा त्यांना खुर्चीवर बसवून आणलं होतं इथे, या झाडापाशीच, तुम्ही उभे आहात तिथे. सासूबाई शाल आणायला आत गेल्या. मी एकटी होते जवळ. मामंजींनी हात पुढे केला आणि फुटव्यावरून बोट फिरवलं, असं, खालून वर. आणि थांबले. बोटातून रक्ताचा थेंब आला. काटा. त्यांनी काट्याकडे बघितलं, मग त्या पट्टीच्या वेढ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग माझ्याकडे बघून म्हणाले, 'प्रवासात चिडलाय.' मी हसले. मला काट्याचं तेव्हा काही कळत नव्हतं. तेवढ्यात सासूबाई शाल घेऊन आल्या, आणि मामंजींनी बोट मुठीत घेतलं आणि त्यांना म्हणाले, 'लागला गं डोळा.' असे हसून. आठवड्याने गेले. तो विनोद मग मीच सगळ्यांना —

कलमं करणारा माणूस होता तो.

काट्याकडे बघितलं, आणि वेढ्याकडे. मूठ मिटली.

नाही. काही नाही. तुम्ही निघा, साहेब. … नाही, बरं वाटतंय मला, निघा. तुमच्या कागदावर काट्यांचा रकाना असतो ना? आहेत, एवढंच लिहा. कुणाला कधी टोचले ते लिहू नका. आणि त्या स्टेजवर बसल्या असताना कुणी तो काट्यांचा विनोद सांगायला लागलं तर — सांगू देऊ नका. ह्यांना मी सांगते.

… काही नाही, आई! फाटक लावतेय! झोपा तुम्ही!

ओढून घ्या जाताना. कडी आतून मी घालते.